डावा पाय रिकामा

शेवटचं पान छपाईला गेलंय, आता तासभर कुणी विचारणार नाही. बसा. आणि तू, हसायचं असेल तर आत्ताच हसून घे. मी जन्मभर पुरावे मागत फिरलोय. भुताची बातमी आणणाऱ्याला मी खुर्चीवरून उठवलंय. तरी ही गोष्ट सांगतो, कारण ज्याच्यावर गुदरली तो आपला जुना फोटोवाला. थापा मारायला लागते तेवढी कल्पनाशक्ती त्याला नाही.

त्याचे दाजी घड्याळजी. कमरेखाली पाय निकामी. बसमध्ये चाकाची खुर्ची चढेल असा उतार लावा, म्हणून मी कितीदा लिहिलं. एका साहेबाने मला तोंडावर विचारलं, "असे लोक बाहेर पडतात तरी किती?" अरे, पडणार कसे! शेवटी दाजींनी जुनी ऑटोमॅटिक व्हॅन घेतली आणि स्टिअरिंगपाशी लोखंडी दांडी बसवून घेतली. ढकलली की ब्रेक, ओढली की रेस. मागे खुर्ची अडकवायला चार खटके. पायात कायम चकचकीत बूट. "एक जोड जन्मभर पुरतो, तळ झिजतच नाहीत," म्हणायचे आणि स्वतःच हसायचे.

जाण्याआधी बायकोला म्हणाले, "गाडी हाताने चालते, तशीच राहू दे. माझ्यासारख्या कुणाला तरी दे." टेलरिंगचं दुकान चालवणारी, खुर्चीतलीच एक बाई ती घ्यायला तयार होती. तेवढ्यात गिअरबॉक्स बिघडला. ताईने भावाला, म्हणजे आपल्या फोटोवाल्याला सांगितलं, "तेवढा दुरुस्त करून आण."

गेल्या मार्चचा दुसरा बुधवार. संध्याकाळी हा गॅरेजवर गेला. मिस्त्रीने ऑइलची पट्टी ओढून नाकाशी धरली.

"जळलंय. आतल्या प्लेटा गेल्या. नुसतं ऑइल बदललं तर आहे तेही बसेल."

"मग?"

"खोलून सगळं नवीन भरायचं, तर महिना. भंगारातला दुसरा टाकायचा, तर तो किती चालेल कुणी सांगावं. नाहीतर हा काढून मॅन्युअल टाकू. चार दिवसांत गाडी पळेल. फक्त क्लच येईल. ऑटोमॅटिकला डावा पाय रिकामा असतो, त्याला आता काम लागेल. तुम्हाला काय साहेब, पाय आहेत की!"

याच्या डोक्यात लग्नाच्या ऑर्डरी. व्हॅन आपल्यालाच बरी, ताईची समजूत काढता येईल. म्हणाला, "मॅन्युअल टाका. आज रात्री एक काम आहे, सकाळी गाडी आणून सोडतो."

"मग ही दांडी कशाला?" मिस्त्रीने बोल्ट फिरवले आणि दांडी शेजारच्या सीटवर टाकली.

रात्री साडेअकराला काम उरकून तो गोदामांमागच्या रस्त्याने निघाला. गिअर सटकायला लागला. जरा थंड होऊ दे, म्हणून त्याने गाडी उजवीकडच्या मोकळ्या कडेला घेतली, गिअर पार्किंगला टाकला. इंजिन चालू. फोन मागे, कॅमेऱ्याच्या पिशवीत. थोड्या वेळाने निघावं म्हणून ब्रेक दाबायला गेला.

पाय उठेना.

मुंग्या आल्या असतील, म्हणून मांडीला चिमटा काढला. दुसऱ्याच कुणाला काढल्यासारखा. दुसऱ्या पायाला काढला. तेच.

आता नीट ऐका. ब्रेक दाबल्याशिवाय त्या गाडीचा गिअर पार्किंगमधून सुटत नाही. दार उघडलं, तर खाली उघडं गटार. मागची पिशवी हाताला लागेना. हॉर्न वाजवला. गोदामांच्या भिंती. पुन्हा वाजवला. एक बाइकवाला जवळून गेला. "रस्ता तुझ्या बापाचा आहे का रे?" ओरडला आणि गेला.

मग कुणीच नाही.

आणि मागे...

खट्.

त्याने श्वास धरला.

खट्... खट्...

खुर्चीचे खटके. चार असतात. तो चौथ्याची वाट बघत राहिला. आरशाकडे मान वळेना.

...खट्.

"दाजी?"

शेजारच्या सीटवरची दांडी तेवढी घरंगळली. सपाट रस्ता. उभी गाडी. दांडी त्याच्या हाताला येऊन टेकली.

त्याने ती उचलली. वाकून ब्रेकवर रेटली. टक्. गिअर सुटला. पुढे जायच्या 'डी'मध्ये टाकला, दांडी हळूच सोडली... आणि ऑटोमॅटिक गाडी रेस न देताही सरकते ना, तशी ती सरकली. माणसाच्या चालीने. तो गिअरबॉक्स घरापर्यंत एकदाही सटकला नाही. मॅन्युअल असता तर हा तिथेच बसला असता. मागून कुणीतरी श्वास घेत होतं... याने मागे पाहिलं नाही.

ताईच्या दारात दांडी रेटून गाडी थांबवली. हॉर्न द्यायच्या आधीच ती बाहेर आलेली. चेहरा पांढरा.

"इतक्या हळू... गल्लीत फक्त हे यायचे."

"ताई, मी मॅन्युअल टाकायला सांगून आलो होतो." गिअर पार्किंगला टाकून त्याने दांडी उचलली. "नाही टाकत. आहे तोच खोलून घेतो. दांडीही परत लावतो. ज्याची त्याला जाईल गाडी."

पाय हलले.

महिना लागला. आज ती व्हॅन टेलरबाई चालवते, रोज, हाताने.

आणि हा? धडधाकट चालतो. परवा माझ्याकडे आला होता, बूट दाराशी काढले. त्या रात्रीनंतर घेतलेला जोड, वर्षभर रोज पायात. तो आत पाणी प्यायला गेला तेव्हा मी उचलून पाहिले. सवय आहे मला, पुरावा बघायची. उजव्याची टाच झिजून तिरकी झालेली. डावा उलटा केला...

तळाला दुकानातली किमतीची चिठ्ठी. तशीच. नवी कोरी.