कुंकवाखालचा ओरखडा

भुयाराच्या दाराच्या पोलादी अडसरावरचा ओरखडा सुरुवातीला केसाइतका बारीक होता. पुढे तो रुंदावत गेला आणि शेवटी नख रुतेल इतका खोल झाला. डॉ. हेमलता चौगुले यांनी भिंग खाली ठेवले. दर वर्षी जलयुद्धाच्या विजयदिनी दक्षिणवाडीच्या सातवीतली मुले या अडसराला हळदकुंकू वाहत. वर्षानुवर्षांच्या त्या थराखाली मंगळाची धूळ पोचली नव्हती, म्हणून ओरखडा कालचा असावा तसा ताजा राहिला होता.

"म्हणजे अडसर सरकत होता, तेव्हाच पलीकडून दार ढकललं जात होतं," हेमलता म्हणाल्या. "ढकलणारे वाढत गेले, तसा ओरखडा खोल गेला."

"आणि पुस्तकात काय, तर हवेचा दाब घसरला आणि दार आपोआप बंद झालं!" इतिहास शिकवणाऱ्या परवीन मुजावर फणकारल्या. "हेमाताई, उत्तरवाडीचा हवेचा घुमट फुटला, तिथली माणसं लेकरं घेऊन भुयारातून आपल्याकडे धावली आणि गुदमरून मेली. दार काय देवानं लावलं? मी अजून किती वर्षं पोरांकडून हे पाठ करून घेऊ?"

हेमलतांनी बनवलेले, खुणांवरून घडून गेलेला प्रसंग उभा करणारे मागोवायंत्र शाळेच्या प्रसंगदालनात बसून तीन वर्षे झाली होती. त्यांच्या सहीशिवाय कोणताही प्रसंग मुलांना दाखवता येत नसे. आणि दोन वाड्यांत पाण्यावरून झालेल्या जलयुद्धाच्या या प्रसंगावर त्यांनी सही केली नव्हती, नकारही दिला नव्हता. पाठ्यक्रम मंडळाला दुखावले तर यंत्रच उचलून नेतील, या भीतीने त्या दर वेळी "पाहू" म्हणत.

उद्या सातवीचा तोच धडा होता. म्हणून तर मंडळाचे अध्यक्ष दिनकरराव खानविलकर स्वतः आले होते.

"डॉक्टर, मी सांगितलेला बदल झाला ना?" खुर्चीत बसत त्यांनी विचारले.

"झाला. 'भुयारात आपले सैनिक नव्हते' असं यंत्राला सांगितलंय. पण साहेब, हे चित्रपटाचं यंत्र नाही. ते खुणांवरून मागे मोजत जातं. प्रत्येक खुणेला कारण द्यावंच लागतं. एक कारण तुम्ही काढलंत, तर ते दुसरं शोधतं."

"शोधू द्या की! दाब, गंज, काहीही. पोरांना अभिमान वाटला पाहिजे."

"मेलेल्यांचा?" परवीनबाईंनी विचारले.

"मुजावर बाई, तुम्ही शिकवा. ठरवायचं आम्ही."

हेमलतांनी कळ दाबली. दालनात भुयार उभे राहिले. पलीकडून दारावर थापा पडत होत्या. अलीकडे सैनिक नव्हते. भिंतीला टेकून बसली होती आसऱ्याला आणलेली शाळकरी मुले, त्या वेळच्या शाळेतल्या छायाचित्रांवरून घेतलेल्या चेहऱ्यांची.

मुले उठली. सगळी मिळून अडसराला भिडली. अगदी पुढे, दात आवळून जोर लावणारा, कानाला पट्टी बांधलेला एक आठ वर्षांचा मुलगा होता.

दिनकररावांचा हात आपोआप स्वतःच्या कानाकडे गेला.

"बंद करा!" ते ओरडले. "खोटं आहे हे! आम्ही दाराला हातसुद्धा लावला नाही!"

"अडसर दक्षिणेकडून, हातांनी लावला गेला," प्रसंग जागीच थांबवत हेमलता म्हणाल्या. "त्या बाजूला सैनिक होते आणि मुलं होती. सैनिक तुम्ही काढलेत."

"मग मुलंही काढा!"

"मग भुयारातून जिवंत बाहेर कोण आलं? तुम्ही इथं बसलायत, साहेब. ही खूण यंत्राला पुसता येत नाही."

परवीनबाई पुढे झाल्या. "दाखवू का उद्या हेच? तुमचा नातू आहे माझ्या वर्गात. आजोबांचा अभिमान वाटेल त्याला."

दिनकरराव त्या थांबलेल्या मुलाकडे वळले.

"मी रडत होतो," ते म्हणाले. "दारापलीकडून कुणीतरी माझ्याएवढं पोर ओरडत होतं. मी त्या जवानाचा पाय धरला. म्हटलं, काका, उघडा. त्यानं मला झटकलं." ते खुर्चीत ताठ झाले. "पण हे शाळेत सांगायचं नसतं, डॉक्टर. मूळ प्रसंग दाखवलात तर हे यंत्र परवा इथं नसेल."

हेमलतांना स्वतःचाच संताप आला. पाहू, पाहू म्हणत सातवीच्या तीन तुकड्यांना त्यांनी या अडसराची पूजा करू दिली होती. तीही एक प्रकारे दार लावून घेणेच होते.

"हेमाताई," परवीनबाईंनी हळूच विचारले, "उद्या कोणता प्रसंग लावायचा?"

अडसरावरचे कुंकू बोटांना लागले होते. ते न पुसताच हेमलतांनी सहीसाठी लेखणी उचलली.

"मूळ," त्या म्हणाल्या. "सैनिकांसकट. यंत्र परवा न्या, साहेब. उद्या सातवी बघणार आहे."