कोमट चकती

ताईचं काम ऐकून नातेवाईक तोंडं वाकडी करत. सिलिकॉनच्या आरशासारख्या चकत्यांवर लेसर मारायचा आणि चकती किती तापली म्हणजे किती लवकर बिघडते ते बघायचं. "चांगल्या वस्तूची वाट लावायचा पगार मिळतो हिला!" असं तिचे वडील, अण्णा, चारचौघांत सांगायचे. तेव्हा ते हिंडते-फिरते होते. आता अंथरुणाला खिळले होते आणि पडून पडून पाठीला जखम झाली होती. रोज सकाळी ती धुऊन, पट्टी बदलून मगच ताई प्रयोगशाळेत जायची.

जखम पसरली तर अण्णा हाती लागायचे नाहीत, असं डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं होतं. ताईचा बापावर जीव होता. पण त्या पिवळट ओलीची तिला शिसारी यायची, आणि त्या शिसारीची लाज वाटायची ती वेगळीच.

एका सकाळी पट्टी बदलता बदलता उशीर झाला. हात जेमतेम विसळून धावतपळत पोचली आणि हातमोजे चढवायच्या आधीच तिने डबीतली चकती उचलली. अंगठा नेमका मधोमध टेकला. अशी चकती टाकून द्यायची, हा तिथला नियम. पण त्या प्रकारातली ती शेवटचीच होती. तिने ती द्रावणाने पुसली आणि तिथे सगळेच करतात तसा तिच्यावर 'हा' करून श्वास सोडला. स्वच्छ चकतीवर वाफ सगळीकडे सारखी धरते. इथे वाफेत अंगठा उमटला. पुन्हा पुसली, पुन्हा उमटला. "जाऊ दे, मेलं," म्हणत तिने चकती तापवायच्या बैठकीवर ठेवली.

थंड सिलिकॉन लेसरचे न दिसणारे किरण बरेचसे आरपार जाऊ देतं. तेच तापलं की किरण पिऊ लागतं आणि थोडक्या मारातही भाजतं. म्हणून ती चकती थोडी थोडी तापवत जायची आणि दर तापमानाला खळग्यांची एक रांग मारायची. लेसरची झडप टक् वाजायची, खळगा पडायचा, चकती जराशी सरकायची, पुन्हा टक्. अंगाइतकी कोमट असतानाची रांग मारून तिने सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला. खळग्यांच्या कडा ओल्या होत्या.

वितळलेलं सिलिकॉन डोळ्याचं पातं लवायच्या आत थिजतं. ओलं राहत नाही. तिने पुसलं. दुपारी पाहिलं तर प्रत्येक खळग्यात पिवळट थेंब साचला होता.

"कुणाचा डबा नासलाय गं?" लेसर सांभाळणाऱ्याने विचारलं. त्याला सगळे मिस्त्री म्हणत. "शी! उलटी होईल अशाने."

तो वास ताईच्या चांगला ओळखीचा होता.

घरी अण्णा वैतागले होते. "आज मुंग्या चावल्या गं पाठीला. एकामागून एक."

तिने चादर झटकली, गादी उचलली. मुंगी एकही नव्हती. पट्टी सोडली. जुन्या जखमेच्या शेजारी बारीक खड्डे पडले होते. सरळ रेषेत, सारख्या अंतरावर. ओले.

ताई न्हाणीघरात गेली आणि ओकली. भास आहे, दमलीयेस तू, असं स्वतःला खडसावलं. तरी सकाळी जाताच तिने चिमट्याने, श्वास रोखून, ती चकती गोठवायच्या बैठकीवर ठेवली आणि गार वायू सोडला. थेंब सुकले. वास गेला.

"हिला हात लावू नका हं," तिने मिस्त्रीला बजावलं.

"कोण लावतंय त्या घाणीला!"

संध्याकाळी तिने पट्टी सोडली. खड्डे कोरडे होते, मोठी जखमही कोरडी. ताईला हुंदकाच फुटला. मग तिने अण्णांच्या पाठीवर तळवा ठेवला आणि झटकन मागे घेतला. पाठ बर्फासारखी गार होती.

"बरं वाटतंय," अण्णा म्हणाले. त्यांचे दात वाजत होते. "थंडी तेवढी घालव."

तिने दोन रजया घातल्या. कुशीला गरम पाण्याची पिशवी दिली. काही उपयोग होईना. ओठ निळे पडत चालले.

आणि मग एकदम अण्णांनी रजई ढकलली.

"आता छान ऊब आली."

पाठ कोमट झाली होती. मग गरम. मग हात ठेववेना. खड्ड्यांतून पिवळं पाणी वर आलं आणि खोलीभर तो वास पसरला. नाकाला पदर लावून तिने मिस्त्रीला फोन लावला.

"अगं, सरांकडे पाहुणे आलेत," मिस्त्री पंपाच्या घरघरीवरून ओरडून सांगत होता. "त्यांना दाखवायला चकती हवी होती, तुझीच तेवढी उरलीय. चांगली तापवलीय. आता बघ, थोडक्यातच केवढा खळगा पडतो."

"थांबवा! मिस्त्री, मारू नका!"

"काय? ऐकू येत नाहीये!"

घरघरीतून टक् असा आवाज आला.

अण्णांनी खांदा आक्रसला.

"बघ गं," ते म्हणाले, "मुंगी आली परत."