ओट्यासकट निघालेला माणूस

किल्ली इन्साच्या हातात होती, पण दार आतूनच उघडलं... आणि दारात एक ओव्हन उभा होता.

ओव्हनच्या वर विस्कटलेले तांबूस केस, ओव्हनच्या खाली पट्ट्यापट्ट्यांचे मोजे, आणि मधून कुठून तरी आवाज आला –

"सरका... सरकता का जरा? बोटं सुटतायत माझी!"

इन्सा भिंतीला चिकटली. ओव्हन दोन पावलं पुढे आला आणि जिन्याच्या तोंडाशी धपकन बसला. मागून एक तिशीतला माणूस बाहेर आला, तळहातांवर फुंकर घालत. तिला बघून त्याने अंगातल्या, रंगाने माखलेल्या सदऱ्याला हात पुसले आणि हात पुढे केला.

"मी माल्टे. सकाळपर्यंत या घराचा भाडेकरू. आणि तुम्ही... दुपारपासूनच्या."

"मी इन्सा. आणि दुपार झाली," ती म्हणाली.

तिच्या आवाजात राग नव्हता. रागालाही अंगात थोडं बळ लागतं. तिची खोकी खाली दाराशी, ब्रेमेनच्या त्या नोव्हेंबरी भुरभुर पावसात भिजत होती. गाडीवाला ती उतरवून निघून गेला होता. मदतीला येणार होत्या त्या मैत्रिणी तापाने पडल्या होत्या. घर होतं तिसऱ्या मजल्यावर, आणि तिसऱ्या मजल्यावर होता हा माणूस, त्याच्या अर्ध्या सोडवलेल्या स्वयंपाकघरासकट.

भाडेकरू जाताना ओटा, कपाटं, शेगडी, सगळं उचकटून नेतो, याचं तिला नवल नव्हतं. इकडे जर्मनीत माणूस घर सोडतो, ओटा सोडत नाही. नवल एवढंच, की या गड्याचा ओटा अजून भिंतीलाच होता.

"माझा भाऊ येणार होता," माल्टे ओशाळून म्हणाला. "त्याची पाठ धरली. दरवेळी माझं काही उचलायचं असलं की धरते."

"आणि माझी खोकी भिजतायत."

दोघं एकमेकांकडे बघत राहिले. मग त्याच्या डोळ्यांत काहीतरी लुकलुकलं.

"एक करू या का? वर येताना तुमचं खोकं, खाली जाताना माझं कपाट. जिन्यावर कुणी रिकाम्या हाती चालायचं नाही."

खरं तर तिला तिथेच, पायरीवर, डोकं भिंतीला टेकून झोपायचं होतं. पण झोपायची गादीसुद्धा खालीच होती.

"चला," ती म्हणाली.

आणि मग सुरू झाली ती वर-खाली, वर-खाली. वर जाताना तिचं घर, खाली येताना त्याचं. पावसाचा वास लागलेली खोकी वर, मसाल्यांचा वास मुरलेली कपाटं खाली. पहिल्या मजल्यावर फ्रेरिक्सबाई झाडू घेऊन दारात उभ्या राहिल्या.

"या आठवड्यात जिना पुसायची पाळी माझी आहे, बरं का माल्टे! आणि तू निघायच्या दिवशी चिखल करतोस?"

"आठवण राहावी म्हणून, बाई!"

"तुझ्या बासरीनेच पुरेशी राहील. ही कोण? बायको?"

"नवीन भाडेकरू!" दोघं एकदमच बोलले, आणि इन्साचे कान उगीचच गरम झाले.

वर आल्यावर माल्टेने तिचं खोकं जमिनीवर टेकवलं आणि कंबरेवर हात ठेवून धापा टाकत विचारलं, "यात काय आहे? विटा?"

"पुस्तकं."

"एवढ्या मोठ्या खोक्यात? अहो, पुस्तकं लहान खोक्यात भरायची असतात. मोठ्या खोक्यात उशा, पांघरुणं. मोठ्या खोक्यात पुस्तकं भरणाऱ्याचा मनुष्यजातीवर राग असतो."

"सगळ्या मनुष्यजातीवर नाही," इन्सा म्हणाली. "एकावर होता. त्याच्याच घरून भरत होते."

तो हळूच म्हणाला, "मग बरोबर आहे. मग विटासुद्धा चालल्या असत्या."

तिला हसू आलं. किती दिवसांनी... आणि तेही असं, ओल्या कोटात, दुखऱ्या खांद्यांनी.

दुसरं कपाट उतरवताना त्याचा फोन वाजला. तो तिला "एक मिनिट" म्हणून खाली गाडीपाशी गेला. इन्सा कपाटाला टेकून उभी राहिली. ती दिवसभर दुकानात लोकांच्या कानांना ऐकायची यंत्रं बसवून द्यायची, त्यामुळे आवाज ओळखणं हे तिचं कामच होतं. शब्द ऐकू आले नाहीत, पण त्याचा स्वर आधी चकित झाला, मग हसला, आणि मग एकदम... अडखळला.

तो परत आला तेव्हा जरा जास्तच उत्साहात होता.

"काही अडचण?"

"नाही... छे. काही नाही." त्याने तिच्याकडे पाहिलं, मग कपाटाकडे, मग पुन्हा तिच्याकडे. "धरता ना ते टोक?"

तिने धरलं.

काम अर्ध्यावर आल्यावर इन्साच म्हणाली, "चहा. नाहीतर मी इथेच पडेन." तिच्या सामानात एक खोकं असं होतं, की जे सगळ्यांत शेवटी भरायचं आणि सगळ्यांत आधी उघडायचं. आईची शिकवण. विजेची किटली, मग, चहा, खडीसाखर, चादर, साबण, एक कात्री. बाकीचं जग मागाहून येऊ दे. उघड्या जमिनीवर बसून तिने दोन पत्र्याच्या मगांत खडीसाखरेचे खडे टाकले, वरून कडक काळा चहा ओतला. खडे तडतडले.

"बोलतायत की!" माल्टे मगाला कान लावून म्हणाला.

"आमच्या ओस्टफ्रीजलँडमध्ये, तिकडे समुद्राकाठी, तेवढंच बोलतं. माणसं गप्प असतात."

त्याने चहा संपवला. तिने ओतला. त्याने तोही संपवला, तिने पुन्हा ओतला. पाचव्या मगाला त्याच्या कपाळावर घाम आला.

"छान आहे... खरंच छान आहे. पण इन्सा... तुमच्याकडे पाहुण्याला बुडवून मारतात का?"

ती इतकी हसली की तिच्याच मगातला चहा सांडला. "अहो, चमचा! चमचा मगात ठेवायचा. चमचा आत गेला की पुरे. तो बाहेर आहे तोवर ओतत राहायचं, ही आमच्याकडची रीत!"

"आणि हे तुम्ही आता सांगताय?"

"मला वाटलं, तुम्हाला आवडतोय."

"आवडतंय," तो म्हणाला. चहाकडे न बघता. मग त्याने घाईघाईने चमचा मगात टाकला. "आपण... अरे-तुरेवर यायचं का? एकत्र इतकं ओझं वाहिल्यावर 'अहो' जरा जड होतं."

"ये," ती म्हणाली.

चहानंतर कामाला एक वेगळीच लय आली. तो तिला दाखवत होता – कपाट सोडवलं की त्याचे स्क्रू पिशवीत घालून त्याच कपाटाच्या पोटात चिकटवायचे. "नाहीतर नव्या घरात कपाट असतं आणि स्क्रू जुन्या आठवणींत." वायरी काढण्याआधी तो त्यांचा फोटो घ्यायचा. तो शाळेत भूगोल शिकवायचा. त्याच्या प्रत्येक खोक्याच्या बाजूला, वरती नव्हे, एक छोटासा नकाशा काढलेला होता – हे खोकं कुठल्या खोलीत, कुठल्या कोपऱ्यात.

"आणि तुझ्या खोक्यांवर काहीच कसं लिहिलेलं नाही?"

"कारण मी उघडत नाही." ती सहज म्हणून गेली. "ही बहुतेक खोकी टोर्बेनच्या घरीही बंदच होती. त्याच्या मनात मला तिथून काढायचं होतं, कित्येक महिने. सगळ्यांना ठाऊक होतं. मला सोडून. मी तिथे पडद्यांची मापं घेत होते." तिने चिकटपट्टीचं टोक नखाने ओढलं. "आता ठरवलंय. सामान बंदच ठेवायचं. निघायला सोपं."

माल्टेच्या हातातला पेचकस थांबला होता. "इन्सा..." तो म्हणाला. मग पुन्हा स्क्रू फिरवू लागला.

शेवटी ओव्हन. तो दोघांनी मिळून उतरवला – एकेक पायरी, एकेक श्वास, ती खाली, तो वर. दुसऱ्या मजल्याच्या वळणावर तिची बोटं त्याच्या बोटांखाली अडकली, आणि दोघांनीही ती लगेच काढली नाहीत. काढली असती तर ओव्हन पडला असता... असं तिने स्वतःला सांगितलं.

साडेचारला अंधार पडायला लागला. स्वयंपाकघराच्या भिंतीवर उरले दोन नळ आणि कपाटांच्या जागचे फिकट चौकोन. छतातून वायरींची दोन टोकं लोंबत होती, कारण दिवाही त्याचाच होता. त्याने आपली किल्ली तिच्या हातावर ठेवली.

"तुझं स्वयंपाकघर...?" त्याने विचारलं.

"टोर्बेनकडे राहिलं."

"हं." तो दारात घुटमळला. "मी फार लांब जात नाहीये. वेझर नदीच्या पलीकडे."

"सुखाने राहा," ती म्हणाली. तिच्याच कानांना तिचा आवाज दमलेला वाटला.

पावलं खाली गेली. इन्सा अंधारात खोक्यांमध्ये बसली. पाठ दुखत होती, मनगटं दुखत होती, आणि त्यांच्याही आत कुठेतरी एक जुनी जागा, जी तिने नीट बांधून, चिकटपट्टी लावून ठेवली होती. गाडी सुरू झाल्याचा आवाज काही येईना. पाऊस तेवढा खिडकीला बोटं लावत होता. खूप वेळ.

मग खालून फ्रेरिक्सबाईंचा आवाज आला – "अरे! आता ते परत वर कुठे? डोकं ठिकाणावर आहे का तुझं?"

दारात माल्टे उभा होता. चिंब भिजलेला. हातात त्याचा दिवा, पिवळ्या काचेचा.

"मला काहीतरी सांगायचंय," तो म्हणाला. "आत येऊ का? नाही... इथूनच सांगतो. मग तू दार लावून घे हवं तर. तो मघाचा फोन... नव्या घरातल्या आधीच्या बाईंचा होता. त्या मुलीकडे राहायला गेल्या. आपलं अख्खं स्वयंपाकघर माझ्यासाठी ठेवून गेल्यात, भेट म्हणून. ओट्यावर आलुबुखाराचा केकसुद्धा."

इन्सा उठून उभी राहिली. "म्हणजे?"

"म्हणजे दुसऱ्या कपाटापासून मला माहीत होतं की हे सगळं न्यायची गरज नाही."

"आणि तरी..."

"तरी उतरवत राहिलो. काम संपलं असतं तर तू वर राहिली असतीस आणि मी खाली. जिना संपला असता." त्याने दिवा छातीशी धरला. "मग तू टोर्बेनचं सांगितलंस. तेव्हाच सांगायला हवं होतं. घाबरलो. आता गाडीत बसून एक युक्ती सुचली होती. उद्या यायचं, चेहरा पाडून. 'अगं, तिथे आधीच ओटा आहे, काय करू?' तुला कधी कळलंही नसतं. चांगली युक्ती होती. पण मग... तुला सोडून सगळ्यांना माहीत असलेली आणखी एक गोष्ट झाली असती. पहिल्याच दिवशी."

दुकानात लोकांच्या कानांशी बसून बसून तिला एक गोष्ट पक्की कळली होती – कुणी न विचारता खरं बोलतो तेव्हा त्याचा आवाज किंचित थरथरतो, आणि तो थरथराट उसना आणता येत नाही. टोर्बेनचा आवाज कधीच थरथरला नव्हता.

"ओव्हन," ती शेवटी म्हणाली.

"हो."

"तू मला ओव्हन उतरवायला लावलास. तीन मजले."

"हो."

"माझी कंबर गेली, माल्टे!"

"माझीपण. पण त्या वळणावर..." तो थांबला. "त्या वळणावर मला काहीच दुखत नव्हतं."

तिला रागवायचं होतं. मनापासून रागवायचं होतं. पण पोटातून हसू असं उसळून आलं की तिला खोक्याचा आधार घ्यावा लागला. डोळ्यांत पाणी आलं, आणि ते हसण्याचं की दमण्याचं, हे तिलाही कळेना.

"आता तो वर कोण आणणार?"

"मी. गाडी उद्यापर्यंत माझ्याकडेच आहे. स्क्रू सगळे जागच्या जागी आहेत. ओटा या भिंतीच्या मापाचाच आहे, दुसरीकडे कुठे बसायचाही नाही. तुला हवा असेल तरच. नको असेल तर मी... फक्त दिवा लावून जातो. अंधारात सोडून जाववत नाही."

"आधी दिवा," ती म्हणाली. "मग चहा. ओव्हनचं उद्या बघू."

तो तिच्या सामानातल्या स्टुलावर चढला. वायरी जोडल्या गेल्या, आणि खोलीत पिवळा उजेड सांडला. त्या उजेडात इन्साने एक खोकं पुढे ओढलं. मघाचं चहाचं नव्हे, दुसरं, ज्यावर काही लिहिलेलं नव्हतं, जे टोर्बेनच्या घरीही उघडलं नव्हतं. तिने कात्रीने पट्टी कापली. आत टॉवेलांत गुंडाळून, उभे रचलेले, आईचे कप होते – पातळ, पांढरे, पोटावर लाल गुलाब काढलेले. एकही फुटला नव्हता.

"उभे रचलेत, म्हणून फुटले नाहीत!" माल्टे स्टुलावरून म्हणाला. "म्हणजे तुला येतं की भरायला."

"उघडायला येत नव्हतं," ती म्हणाली.

खडीसाखर तडतडली. चहाचा पहिला कप झाला, दुसरा झाला, तिसरा झाला. खिडकीबाहेर पाऊस थकून थांबला, आणि खाली फ्रेरिक्सबाई पुन्हा एकदा जिना पुसायला लागल्या.

इन्साने किटली उचलली आणि थबकली.

"अजून?"

माल्टेने चमचा बशीतून उचलला. कपाकडे नेला नाही. टेबल नव्हतंच, म्हणून तो त्याने हलकेच तिच्या तळहातावर ठेवला, आणि तिची बोटं त्यावर मिटली.

"ओत," तो म्हणाला.