ये म्हणणारी

टेम्पोला फुगे बांधायची कल्पना सुदर्शनची. लाल, पिवळे आणि समोर दोन चंदेरी. शेंद्र्याला सोनियाच्या माहेरच्या दारात टेम्पो थांबला तेव्हा निम्म्या गल्लीची पोरं त्याच्या मागं पळत आली होती. बायको आणि पाच महिन्यांची लेक, दोघींना घरी न्यायचं म्हणून गडी दाढी करून, कडक इस्त्रीचा शर्ट घालून आला होता. शेजारी त्याची आई सारजाबाई. हिरवंगार लुगडं, कपाळभर कुंकू आणि तोंडात गाणं.

आल्या आल्या त्यानं हॉर्न दाबला. सुरावटीचा, लांबलचक. कोंबड्या उधळल्या. सोनियाच्या आईच्या हातातला तांब्या सुटला आणि फरशीवर खणखणत पार चुलीपर्यंत गेला. सोनियाच्या कडेवरची सायली मात्र मूठ चोखत राहिली. तिची पापणीसुद्धा लवली नाही.

क्षणभर कुणी कुणाकडं पाहिलं नाही.

"धीराची हाय माझी नात," सारजाबाई म्हणाली. "असल्या पिपाणीला भिणारी न्हाय ती." आणि सगळे जरा जास्तच मोठ्यानं हसले.

सोनियाला हसू आलं नाही. बाळंतपणाआधी ती एका कारखान्यात पंख्यांच्या मोटारी ऐकायच्या कामावर होती. भिंतींना जाड फोम लावलेली खोली. दार लावलं की आपल्याच अंगातलं रक्त वाहताना ऐकू यावं, अशी शांतता. मोटार फिरवायची, ऐकायची, पास की नापास ते सांगायचं. बेअरिंगमध्ये धुळीचा कण अडकला तरी तिला कळे. लेकीलाही तिनं तशीच शिस्तीत तपासली होती. पाठीमागून वाटी वाजवायची. वारा लागू द्यायचा नाही, सावली पडू द्यायची नाही. कधी वाटी, कधी टाळी, कधी कुकरची शिट्टी. सायलीनं एकदाही मान वळवली नव्हती.

जन्मल्यावर कानांची जी तपासणी करतात ती हिची राहूनच गेली होती. उद्या सकाळी सिडकोतल्या दवाखान्यात नंबर लावला होता. सुदर्शनला ते ठाऊक होतं, सारजाबाईलाही ठाऊक होतं. म्हणून तर फुगे, म्हणून तर गाणी.

हिवाळ्यातली कोवळी उन्हं होती. जालना रोडच्या कडेनं कारखान्यांच्या भिंती, मध्येच हिरव्या ज्वारीचा तुकडा, पुन्हा भिंती. चिकलठाणा जवळ आलं, सुखना नदीचा पूल दिसायला लागला, तशी सारजाबाई म्हणाली, "सुदर्शन, गाडी खाली घे."

"खाली कुठं?"

"उताराला. मेंढरांच्या वाटेनं."

"आई, एवढा मोठा पूल बांधलाय. दोन मिन्टात घरी."

"पुलावरनं गेलेलं लेकरू नदीला दिसत न्हाय. मग विमानातच बसीव की तिला. ते बी वरनंच जातंय."

सुदर्शननं कपाळाला हात लावला आणि टेम्पो उताराला घेतला.

खाली नदीचं निराळंच जग. डोक्यावर पुलावरून ट्रकांची घरघर. थोडं वर जुना फरशी पूल, मधून खचलेला. त्याला लागून काळा जाडजूड पाइप, ज्याच्यावरून कामगार डबा सांभाळत शॉर्टकट मारतात. आणि समोर मेंढरांची वाट. पूर्वी तिथं दगड होते, आता कुणीतरी टाकून दिलेले सिमेंटचे ठोकळे रांगेनं पाण्यात बसले होते. पाणी ह्या काठाला लालसर, मध्ये निळसर, आणि ठोकळ्यांच्या अंगाला पिंजलेल्या कापसासारखा फेस. वास साबणाचा आणि गंजाचा.

सारजाबाईचं घराणं मेंढरांमागं फिरणारं. इथं कारखान्याचा एकही भोंगा वाजत नव्हता तेव्हापासून त्यांची वाट हीच. घरात नवं लेकरू आलं की ते पहिल्यांदा नदीपार न्यायचं ते इथूनच. आई लेकराला घेऊन काठावर उभी राहायची आणि ओरडून विचारायची, "येऊ का गं?" पल्याड घरातली एखादी बाई उभी असायची. ती म्हणायची, "ये गं बाई, ये." मगच पाऊल टाकायचं. सुदर्शनच्या वेळी सारजाबाईनंही असंच विचारलं होतं.

सोनियानं पल्याड पाहिलं. वेडी बाभूळ, तिच्यावर अडकलेल्या प्लॅस्टिकच्या पिशव्या, मागं कंपाउंडची भिंत. माणूस नाही.

"आई, पल्याड कोण हाय?"

सारजाबाईचा हात तोंडावर गेला. "आगं माझे बाई! पल्याड मीच उभं राहायचं होतं की. नातीला आणायच्या नादात मीच गाडीत चढले!"

सुदर्शन पोट धरून हसायला लागला. "मी जातो पळत. मी म्हणतो ये."

"बाप्याच्या 'ये'ला काय किंमत? तू तर गल्लीतल्या कुत्र्याला बी ये म्हणतूस." हसून हसून डोळ्यांत आलेलं पाणी तिनं पुसलं. "राहू दे. इच्यार तू सोनिया. नदीच म्हणंल ये."

सोनियानं सायलीला खांद्याशी धरलं आणि जराशी लाजतच हाक दिली, "येऊ का गं?"

ट्रक गेला. फेस ठोकळ्यांना घासत गेला.

आणि सायलीनं तोंडातली मूठ काढली, मान वळवली आणि पल्याडच्या बाभळीकडं बघून ती खुदकन हसली.

सारजाबाई किंचाळलीच. सुदर्शननं आईला मिठी मारली. सोनियानं हात वर केला. "थांबा. कुणी बोलू नका. हलू बी नका."

ती फिरली, आता लेकीची पाठ नदीकडं. वारा समोरून. दोघींच्या सावल्या काठावरच, पाण्यावर काहीच हलत नव्हतं. ती लेकीच्या कानाजवळ तोंड नेऊन स्पष्ट म्हणाली, "येऊ का गं?"

सायली मूठ चोखत होती. आईचा आवाज तिच्या कानावर पडलाच नव्हता.

मग एक श्वास जावा एवढी शांतता. आणि सायलीची मान गर्रकन नदीकडं वळली. ती हसली, सगळ्या बोळक्यानं.

तिला हाक ऐकू येत नव्हती. उत्तर ऐकू येत होतं.

सोनियानं कान लावला. कणाएवढा बिघाड ऐकणारा कान. पाणी, ट्रक, दूर कुठंतरी कारखान्याचा भोंगा. बाकी काहीच नाही.

"पुन्हा इच्यार," सारजाबाई कुजबुजली. तिच्या चेहऱ्यावर नुसता आनंद होता.

"येऊ का गं?"

सायली वळली. पण ह्या खेपेला तिचे डोळे बाभळीवर नव्हते. ते नदीच्या मधोमध होते, निळ्या पाण्यातल्या ठोकळ्यावर.

"येऊ का गं?"

आता डोळे अलीकडच्या ठोकळ्यावर. सायली "अग्गू" म्हणाली, थांबली आणि कुणाचं तरी ऐकून घेऊन पुन्हा "अग्गू" म्हणाली.

सोनियाला पाचव्यांदा विचारायचा धीर झाला नाही. विचारायची गरजही पडली नाही. सायलीची नजर हळूहळू वर चढली आणि आईच्या उजव्या खांद्याच्या थोडी वर येऊन थांबली. उभ्या बाईचा चेहरा जिथं असतो, तिथं.

"चला," सोनिया म्हणाली. ती हसत होती.

सुदर्शननं तिचा हात धरला. एकेक ठोकळा करत ते निघाले, आणि मागोमाग येत सारजाबाईनं पदर खोचून गळा मोकळा सोडला.

*सुखना माझी सई, तिचा पदर रंगीत*
*नात आणली भेटीला, घे गं बाई संगतीत*

पल्याड पाय टेकला तसा सुदर्शन मागं पळाला, टेम्पो पुलावरून फिरवून आणायला. तो आला तो हॉर्न वाजवतच. ती लांबलचक सुरावट कानावर पडताच सायली दचकली, तिनं ओठ काढला आणि भोकाड पसरलं.

एवढं गोड रडणं त्या नदीकाठानं कधी ऐकलं नसेल. सुदर्शन गाडीतून उडी मारून आला आणि लेकीसमोर नाचायला लागला. "भ्याली! माझी लेक भ्याली!" सारजाबाई त्याला धपाटे घालत होती, "आरं मुडद्या, हळू वाजीव आता, तिला ऐकू येतंय!" सोनिया मटकन खाली बसली. लेकीचे दोन्ही कान तळव्यांनी झाकत तिनं तिच्या टाळूला ओठ लावले आणि ती कितीतरी वेळ तशीच राहिली. चंदेरी फुगा सुटून पुलाच्या वर निघून गेला, तरी कुणाचं तिकडं लक्ष नव्हतं.

घरी आल्यावर साखर वाटली. गल्लीतली प्रत्येक बाई येऊन चुटकी वाजवून गेली, आणि सायली प्रत्येकीकडं वळली.

तरीही सकाळी दवाखान्यात जायचं ठरलं. सोनियाला कागदावर 'पास' बघायचं होतं.

तपासणीची खोली पाहून तिला हसूच आलं. तोच फोम, तसंच जड दार, तीच रक्त ऐकू येणारी शांतता. भिंतीला टेकवलेला लांब बाक, रेक्झिनच्या गादीचा. त्याच्या मधोमध ती लेकीला मांडीवर घेऊन बसली. सुदर्शन आणि सारजाबाई बाहेर. काचेपलीकडून डॉक्टरीणबाई बटणं दाबत होत्या. डावीकडं बारीक घंटी, सायली डावीकडं. उजवीकडं चिवचिव, सायली उजवीकडं. आवाज मंद मंद होत गेला, सोनियालाही ताण देऊन ऐकावा लागेल इतका. तरी सायली वळत राहिली.

"दोन्ही कान एकदम छान," डॉक्टरीणबाईंचा आवाज स्पीकरमधून आला. "काळजी सोडा. पेढे आणा."

सोनियाच्या डोळ्यांना धार लागली. काचेच्या छोट्या खिडकीतून तिनं बाहेर अंगठा दाखवला. सारजाबाईनं दोन्ही हातांनी नातीची दृष्ट काढून बोटं मोडलेली दिसली. आवाज काही आत आला नाही.

"एकच विचारते हं," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "मी काहीच वाजवत नाही तेव्हाही ही मध्येच हसते. तुमच्या खांद्याकडं बघून. घरी पण करते का असं?"

"कालपासनं," सोनिया म्हणाली.

"असू दे. खुशीत आहे बाळ. मी मशीन बंद करते, तुम्ही बसा निवांत."

स्पीकर टक करून बंद झाला.

खोलीत काही म्हणजे काही ऐकू येत नव्हतं. सायली मांडीवर पाय झाडत होती. "अग्गू" म्हणत होती, थांबत होती, ऐकत होती, आणि खिदळत होती.

सोनियानं ते हसणं डोळे भरून पाहून घेतलं. मान वर करून पाहायचं तिनं टाळलं. ती 'ये' म्हणणारी काल सकाळपासून उभीच असेल, असं तिच्या मनात आलं.

सोनिया डाव्या अंगाला थोडी सरकली आणि जागा केली.

उजवीकडची गादी, कुणी दमून टेकावं तशी, हळूच खाली दबली.