कुंकू न धरणारा कोयता

२००२च्या दसऱ्याच्या तोंडावर मी पुण्याच्या प्रयोगशाळेतून गावी, केजला आलो, तो एक बाटली घेऊन. बाटलीत नॅनो कणांचा लेप होता. पोलादावर फासला की पाणी टिकत नाही, आणि पाणीच नाही तर गंज कुठला! माझा बालमित्र तानाजी दरवर्षी ऊसतोडीला जाई आणि त्याचे कोयते गंजून वाया जात. त्याच्या नव्या कोयत्याला मी लेप दिला, वाळवला. स्वतःवरच खूश होतो.

खंडेनवमीला त्याच्या बायकोने, विमलबाईने, हत्यारं पाटावर मांडली. कुऱ्हाड, विळा, खुरपं, सगळ्यांना ओलं कुंकू लागलं. कोयत्यावर मात्र ती बोट टेकवी आणि कुंकू थेंब होऊन घरंगळे. पाट लाल झाला, पातं कोरडंच.

“भावजी, ह्यो कुंकू घेतच न्हाई.”

“घ्यायला तो काय जावई आहे, वहिनी?”

ती हसली नाही. “मग आज तरी नगा चालवू. आज हत्याराला काम देत न्हाईत.”

पण दुसऱ्या दिवशी टोळीची गाडी निघणार होती, आणि मला माझा लेप उसावर बघायचाच होता. तानाजीलाही दम निघेना.

“चल बे अमऱ्या,” म्हणत तो आमच्या उसात शिरला. विमलबाई कुंकवाचा करंडा हातात घेऊन तशीच मागे आली.

भर दुपार होती. पहिल्या घावात ऊस बुडातून तुटला. रस पात्यावरून ओघळून गेला. मी टाळीच वाजवली.

दुसरा घाव तानाजीच्या मांडीत बसला, हाडापर्यंत.

हात घसरला असेल, असं मला वाटलं. पण त्याने कोयता पुन्हा उचलला.

“माजा हात धर, अमऱ्या! मी न्हाई मारत!”

मी दोन्ही हातांनी त्याचं मनगट धरलं. मनगट लटपटत होतं. जोर पात्याला होता.

मला फरफटत नेऊन ते त्याच्या पोटात घुसलं.

मग गळ्यात.

रक्त माझ्या तोंडावर उडालं. विमलबाई किंचाळत राहिली. कोयता मातीत पडला तेव्हा पात्यावर रक्ताचा थेंबही नव्हता.

संध्याकाळी आत बायकांनी विमलबाईचं कुंकू पुसलं. तिचा हंबरडा ओसरीपर्यंत आला. ओसरीवर हवालदार पंचनामा करत होता, कोयता समोर गोणपाटावर होता.

“हे काय लागलंय?” त्याने विचारलं.

पात्याच्या मधोमध बोटाएवढा लाल, ओला टिळा होता.

त्याने तो फडक्याने पुसला. निघेना. वर तांब्याभर पाणी ओतलं.

पाणी घरंगळून गेलं. कुंकू राहिलं.