नदीकाठची जागा कुणी घालवली?

थोरल्या सुनेचं हे नेहमीचंच. निर्णय स्वतः घ्यायचा, मग घरभर सल्ला विचारत हिंडायचं. या वेळी तर विचारलंही नाही.

नात रडत आली तेव्हा अक्का गुडघे शेकत बसली होती. गल्लीतल्या लबाड्या बसल्या जागी उलगडणं हे तिचं काम. हल्ली त्याचाही वीट आला होता.

"आजी, नदीकाठच्या विद्यापीठातली माझी जागा भरली, असं आई म्हणते. आज संध्याकाळी टेकडीवरच्या विद्यापीठाची फी भरणार आहे. ती परत मिळत नाही!"

"दोन्ही चर्चचीच ना? मग बिघडलं काय?" अक्काचा भाऊ म्हणाला. प्रत्येक शोधात तो तिच्या सोबतीला असे आणि दरवेळी भलताच चोर पकडे.

"औषधशास्त्र नदीकाठीच चांगलं, मामाआजोबा. निम्मा वर्ग तर नन्सचा, कॉन्व्हेंटमधल्या सिस्टर लोकांचा. शिस्त एवढी, की रविवारी कँटीनलासुद्धा कुलूप. मैत्रिणी नि मी रविवारीच बघायला गेलो तेव्हा ऑफिसात चिटपाखरू नव्हतं, उपाशी परतलो. मावशीही तसलीच सिस्टर आहे, तिला विचारू म्हटलं, तर आई ताटावरून उठून गेली."

अक्कानं सुस्कारा सोडला. "बोलाव सगळ्यांना."

धाकटा मुलगा आधी आला. टेकडीच्या पायथ्याशी त्याच्या भाड्याच्या खोल्या होत्या.

"हाच!" भाऊ कुजबुजला.

"खोल्या रिकाम्या आहेत का रे?"

"कुठल्या, आई! पुतणीला द्यायची तर कुणाला तरी बाहेर काढावं लागेल."

मग थोरला, नातीचा बाप. "टेकडीची फी दीडपट आहे, पण शिकून बाहेर पडलेल्यांचा पगार दुप्पट. नदीकाठचं स्वस्त दिसतं, पण घाट्याचं."

"हिशेब तू मांडलास?"

"हिनं. विमा कचेरीत आकड्यांचंच काम करते ती. दोन्हीकडच्या सगळ्या पदवीधरांच्या पगाराची सरासरी काढली."

शेवटी सून. पर्स खांद्याला तशीच.

"जागा भरली हे कुणी सांगितलं?"

"ऑफिसातल्या माणसानं. रविवारी दुपारी मी स्वतः फोन केला होता."

अक्कानं डोळे मिटले. भावाला वाटलं, झोप लागली.

"रविवारी तिथं फोन उचलायला भूत बसतं का गं? कँटीनला कुलूप, ऑफिसात चिटपाखरू नाही. तू फोनच केला नाहीस. जागा अजून शाबूत आहे."

"पण मग हिशेब?" भावानं विचारलं.

"सगळ्या पदवीधरांची सरासरी म्हणे. त्यात निम्म्या सिस्टर. त्यांना कॉन्व्हेंट पोसतं, हातात पगार येत नाही. त्यांची शून्यं मिसळलीस की नदीकाठ दरिद्री दिसणारच. रोज सरासरी काढणारीला हे कळत नाही होय? धाकट्याला यात फायदा नाही, थोरल्याला आकडे कळत नाहीत. राहिलीस तू. आणि कारण पैसा नाहीच."

सुनेची पर्स खांद्यावरून घसरली. "माझी बहीणही शिकायलाच गेली होती तिथं. परत आली ती पांढऱ्या झग्यात, पाहुण्यासारखी. मला एकच मुलगी आहे, आई."

नात आईकडे बघत राहिली.

अक्का गुडघ्यावर हात टेकून उठली.

"ऐक. बहीण तिच्या मनानं गेली, विद्यापीठानं पळवली नाही. पोरगीही उद्या मनात येईल तेच करेल, टेकडीवर राहूनसुद्धा करेल. तुझ्या भीतीची फी तिनं का भरायची? नालायक नाहीस तू, भित्री आहेस. ऑफिस उघडं आहे आत्ता. लाव फोन, आणि तुझ्याच तोंडानं सांग, आमची मुलगी येते आहे."