कोपराची घडी

समोरून बाबांचा कोट येत होता.

रस्ता ओलांडून फुटपाथवर येताच ती थबकली. तोच तपकिरी लोकरी कोट, चष्म्याच्या घरानं लोंबलेला डावा खिसा, मानेपाशी मऊ पडलेली कॉलर... आणि आत रफूवाला.

बाबांना जाऊन पाच महिने झाले होते. आईनं बाकीचे कपडे वाटून टाकले. हा एकच कोट लेकीनं हट्टानं ठेवून घेतला आणि उजवं कोपर विरलं म्हणून रफूला टाकला. गेले चार दिवस ती दुकानात खेटे घालत होती. रफूवाला नजर चुकवून म्हणायचा, "उद्या या."

"काढा तो," ती म्हणाली.

"इथे? भर रस्त्यात?"

"दुसऱ्याचे कपडे घालून मिरवता? आई म्हणत होती, हरवलाय त्यानं, नाद सोड. मीच खुळी, तुमची बाजू घेत बसले."

"बाजू घेत होतात?"

"विषय बदलू नका."

त्यानं कोट उतरवून तिच्या हातात दिला. "तुम्हीच बजावलं होतंत, इस्त्री नको, कोपराची घडी जाता कामा नये. टेबलावर सपाट पसरून रफू केलं असतं, तर हात दुमडताच धागे ओढले असते. म्हणून घालून बसायचो. हात वाकवायचा, बघायचं, काढून उसवायचं, पुन्हा भरायचं... विचारायला हवं होतं. चुकलंच."

तिनं कोपर उजेडात धरलं. रफू कुठे आहे, सापडेना. सुरकुत्या मात्र जागच्या जागी — पेपर वाचताना बाबांचा हात दुमडायचा, अगदी तशा.

"किती दिवस लागले?"

त्यानं स्वतःच्या बाहीवरचा नसलेला धागा झटकला.

"विचारतेय मी."

"एक."

"आणि बाकीचे तीन?"

"झालाय म्हटलं असतं, तर घेऊन गेला असतात..." तो पायाखालच्या फरशीकडे बघत म्हणाला. "परत कशाला आला असतात? आज मात्र लाज वाटली. तुमच्याच घरी निघालो होतो. हातावर टाकला तर घडी मोडेल, म्हणून अंगात घातला."

तिनं कोट चढवला. पाच महिने कपाटात गार पडलेलं अस्तर आज उबदार होतं. ती ऊब बाबांची नव्हती. क्षणभर ते सोसवेना... मग काढवेना.

"डावं कोपरही विरलंय," ती म्हणाली.

त्यानं जवळ येऊन दोन बोटांनी चाचपलं. "छे, हे अजून दोन वर्षं सहज निघेल."

"नीट बघा."

त्यानं मान वर केली. तिनं नजर हलवली नाही.

"हो की," तो हळूच म्हणाला. "आठवडा तरी लागेल."

"लागू दे. पण घालून बसायचं, तर माझ्यासमोर."